वाचकांचे प्रश्न : घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर कशी पारखावी?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. गालाचा कर्करोग, आता मानेत पसरला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या, सेवा करा' असं सांगून पाठवलं. नाकातून नळी घातलेली आहे. एक धर्मादाय संस्था रत्नागिरीहून घरी येऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा, देते. दुसरी एक खासगी एजन्सी महिन्याचं पॅकेज सांगते. बोलायला दोघंही चांगले. निवड कशावरून करायची? – एक वाचक, देवरुख

उत्तर : दोन्हीकडे फोन लावा आणि पहिला प्रश्न हाच विचारा : तुमच्याकडून मॉर्फिनच्या, म्हणजे जोरदार वेदनाशामक औषधाच्या, गोळ्या मिळतात का? मॉर्फिन साध्या मेडिकल दुकानात मिळत नाही. २०१४ साली एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, दुरुस्ती झाली. तेव्हापासून राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता मिळालेली ठिकाणं ते ठेवू आणि देऊ शकतात. संस्थेकडे ही मान्यता नसेल, तर ती कोणत्या रुग्णालयातून मॉर्फिन आणते, किती दिवसांत आणते आणि एका वेळी किती दिवसांचं देते, हे विचारा. 'आम्ही ट्रॅमाडॉल देतो, त्यावर भागतं' असं उत्तर आलं तर सावध व्हा. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य वेदनाशामक, त्याला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गालाचा रोग मानेत उतरल्यावर ती मर्यादा लवकर गाठली जाते आणि पुढे माणूस नुसता तळमळत राहतो.

दुसरी परीक्षा रात्रीच्या फोनची. करार करण्याआधी रविवारी रात्री दहानंतर त्यांच्या नंबरवर फोन करा. कोण उचलतं? नर्स किंवा डॉक्टर बोलतात, की 'सकाळी ऑफिसला करा' असं कोणी सांगतं? रत्नागिरीहून देवरुखला रात्री कोणी धावत येईल ही अपेक्षा धरू नका. चांगली संस्था तसं वचन देतही नाही. ती फोनवरून नीट सांगते, आणि सांगितलेलं करता यावं म्हणून लागणारी औषधं आधीच घरात ठेवून जाते. म्हणून विचारा : तातडीच्या औषधांचा डबा घरी ठेवता का? त्यात जादा दुखण्यासाठी मॉर्फिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी हायोसिन, फार अस्वस्थता वाटल्यास मिडॅझोलॅम, असं काही डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवलेलं हवं. प्रत्येक पाकिटावर कशासाठी, किती आणि पुन्हा कधी, हे मराठीत लिहिलेलं हवं. पावसाळ्यात झाड पडून रस्ता बंद झाला तर हा डबाच कामाला येतो.

पहिल्या भेटीत घड्याळाकडे लक्ष ठेवा. नीट तपासणी आणि बोलणं व्हायला पाऊण-एक तास तरी लागतो. दुखणं शून्य ते दहात किती, हे वडिलांनाच विचारलं पाहिजे. बोलता येत नसेल तर बोटांवर दाखवता येतं. झोप, शौच, तोंड आणि जखम पाहिली का, रात्री जागतं कोण हे विचारलं का, ते बघा. बीपी आणि साखर मोजून दहा मिनिटांत निघणारी माणसं वडिलांचा त्रास पाहत नाहीत.

वडिलांच्या आजारात तीन गोष्टी हमखास येतात. त्यांची तयारी संस्थेनं आपणहून करून द्यायला हवी.

पहिली, जखमेचा वास. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ती पूड किंवा तिचं जेल ड्रेसिंगच्या वेळी जखमेत घातलं की दोन-चार दिवसांत वास बराच कमी होतो. ही स्वस्त गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हातात जखम देऊ नका. जखम कायम झाकलेली हवी. आपल्याकडे माश्यांमुळे अळ्या पडायला वेळ लागत नाही.

दुसरी, रक्तस्राव. मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटू शकते, हे ऐकायला कठीण आहे, तरी घरच्यांना ते आधी सांगितलेलं असलं पाहिजे. उशाशी गडद रंगाचे जाड टॉवेल ठेवायचे, म्हणजे रक्त तितकं उठून दिसत नाही. कोणतं औषध द्यायचं ते लिहून ठेवलेलं असावं, आणि कोणीतरी हात धरून जवळ बसायचं. ज्यांनी हे सांगणं टाळलं, ते प्रसंगाच्या वेळीही तुम्हाला एकटं सोडतील.

तिसरी, नळी. पेज नीट गाळून, कोमट करून, एका वेळी साधारण २०० मिली द्यायची. डोकं-छाती ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. शेवटी ३० ते ५० मिली पाणी सोडायचं. नळी तुंबते ती बहुतेक वेळा जाड नाचणीची पेज किंवा नीट न कुटलेल्या गोळ्यांमुळे. नर्सनं हे एकदा करून दाखवावं, मग तुमच्याकडून करून घ्यावं. नुसतं तोंडी सांगून गेली तर शिकवलं असं होत नाही.

माणसांची पात्रताही विचारा. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि नर्सचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा क्रमांक मागण्यात अपमान काही नाही. पॅकेजवाल्या एजन्सीत गल्लत इथेच होते. 'नर्स' म्हणून येणारी ताई पुष्कळदा काळजीवाहक असते. अंघोळ घालायला, कूस बदलायला तिची फार मोठी मदत होते, पण इंजेक्शन आणि कॅथेटर (लघवीची नळी) ही तिची कामं नव्हेत.

पैशांचं सगळं कागदावर घ्या. ड्रेसिंगचं सामान, कॅथेटर, हवेच्या गादीची अनामत, गाडीचं भाडं, रात्रीची जादा भेट, यातलं पॅकेजमध्ये काय येतं? महिन्याच्या मधेच रुग्ण गेला तर उरलेले पैसे परत मिळतात का? हे विचारायला अवघड वाटतं, तरी विचारा. आणि दर भेटीला सलाइन लावू म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. शेवटच्या दिवसांत नको तितकं पाणी गेलं की पायांना सूज येते आणि छातीत घरघर वाढते. बिल मात्र फुगतं.

धर्मादाय संस्था फुकट सेवा देते म्हणून ती कमी दर्जाची, असं मानू नका. वरच्या प्रश्नांवर जी पास होईल ती घ्या. गरज पडली तर दिवसाच्या मदतीला एजन्सीची ताई आणि उपचाराला संस्था, अशी सांगड घालता येते.

प्रश्न : आईला घरी सांभाळणं आता शक्य नाही. स्तनाचा कर्करोग हाडांत गेला आहे. दाखल करून घेणारं हॉस्पिस कुठे बघावं आणि पाहायला गेल्यावर काय बघावं? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमच्याकडून मुंबईपेक्षा गोवा जवळ. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. त्यांचं एक केंद्र गोव्यात लोटली इथे आहे. अशा केंद्रांत कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातले रुग्ण घेतात. दाखल करताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि बायॉप्सीचे कागद लागतात, तेव्हा फाइल सोबत न्या. जागा आहे का ते फोनवर विचारूनच गाडी ठरवा.

कुठल्याही केंद्रात पाहायला जाल तेव्हा दुपारच्या जेवणाच्या वेळी जा. भरवायला किती हात आहेत ते तेव्हाच दिसतं. रुग्णांचे ओठ बघा. कोरडे, पांढरा थर आलेले ओठ म्हणजे तोंडाची निगा नाही. बेल किंवा हाक दिल्यावर किती वेळात कोणी येतं ते मनात मोजा. लघवीचा उग्र वास, बांधलेले हात, भिंतीकडे तोंड केलेले रुग्ण, यांतलं एक जरी दिसलं तरी कारण विचारा. रात्रीच्या पाळीत प्रशिक्षित नर्स किती, हे स्वतंत्र विचारा, कारण दिवसाच्या गर्दीवरून रात्रीचा अंदाज येत नाही. नातेवाइकाला रात्री राहू देत नसतील तर निदान शेवटच्या दिवसांत तरी देतात का, तेही विचारा.

हाडांत गेलेल्या कर्करोगाला एक गोष्ट जोडून सांगावीशी वाटते. पाठीत नव्यानं जोराची कळ, पायात अचानक अशक्तपणा किंवा लघवी अडणं म्हणजे मणक्यात दाब आल्याची खूण असू शकते. अशा वेळी काही तासांत मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. हॉस्पिस अशा रुग्णाला रेडिएशनला पाठवतं का? एका फेरीत दिलेल्या रेडिएशननंही हाडाचं दुखणं पुष्कळ उतरतं. 'आता काहीच करायचं नाही' म्हणून ते नाकारणारं केंद्र आईसाठी योग्य नाही.

प्रश्न : काकांना मॉर्फिन सुरू केलं आहे. गणपतीला मुंबईहून आलेले चुलतभाऊ म्हणतात, याची सवय लागेल, हे मारायचंच औषध आहे, त्यापेक्षा आयसीयूत नेऊ. काय खरं? – एक वाचक, गुहागर

उत्तर : दुखण्याच्या मापानं, थोड्यापासून वाढवत दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. वेदनेसाठी नीट दिलं तर व्यसन लागणंही क्वचितच. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मधे उठवावं लागत नाही. दुखल्यावर मग देऊ असं केलं तर दुखणं नेहमी एक पाऊल पुढे राहतं. मधेच कळ आली तर एरवीच्या एका वेळेइतकी जादा मात्रा देतात. ती वहीत लिहून ठेवा. दिवसात तीन-चारदा जादा मात्रा लागली तर मूळ मात्रा वाढवायची वेळ आली आहे, ते डॉक्टरांना कळवा.

इथे संस्थेची पारख आपोआप होते. मॉर्फिनबरोबर पहिल्याच दिवशी शौचाचं औषध लिहून दिलं होतं का? बद्धकोष्ठता जवळजवळ सगळ्यांना होते आणि ती आपोआप जात नाही. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मात्र हातपाय झटकणं, भलतंच बोलणं, उठवूनही न उठणं असं काही दिसलं तर लगेच फोन करा. मूत्रपिंड थकलेलं असलं की औषध अंगात साठतं.

आयसीयूबद्दल काकांनाच विचारा, त्यांना बोलता येतंय तोवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. पाहुण्यांशी हे बोलायला नर्सला घरी बोलवा. घरच्या माणसाचं ऐकत नाहीत ते नर्सचं ऐकतात.

प्रश्न : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं यंत्र) भाड्यानं घ्या म्हणतात. आमच्या वाडीत पावसात वीज जाते. – एक वाचक, मालवण

उत्तर : आधी ऑक्सिजन लागतो का ते ठरवा. बोटावरच्या यंत्रात प्रमाण चांगलं असूनही धाप लागत असेल, तर चेहऱ्यावर पंख्याचा वारा, बसतं करून टेकवणं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं अगदी थोडं मॉर्फिन यांनी जास्त आराम पडतो. लागतच असेल तर मिनिटाला ५ लिटर देणारं यंत्र साधारण ३००-३५० वॅट घेतं. १५० एएचच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर, बाकी काही न चालवता, ते जेमतेम तीन-चार तास चालेल. म्हणून सोबत बी टाइप सिलिंडर हवा. तो साधारण १,५०० लिटरचा असतो, मिनिटाला २ लिटरनं बारा तास पुरतो. यंत्र देणारा सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना देऊन तो बदलायला शिकवत नसेल, तर दुसऱ्याकडून घ्या.

प्रश्न : सेवा सुरू होऊन महिना झाला. सासूबाईंना माकडहाडावर जखम झाली. हा संस्थेचा निष्काळजीपणा समजावा का? – एक वाचक, लांजा

उत्तर : लगेच तसं म्हणता येत नाही. शेवटच्या आठवड्यांत कातडी इतकी नाजूक होते की सगळं करूनही जखम होऊ शकते. पण पुढच्या गोष्टी तपासा. दर भेटीला पाठ उघडून पाहत होते का? दाबूनही न जाणारी लाली ही पहिली खूण, ती वहीत नोंदली होती का? दर दोन तासांनी कूस बदलायला शिकवलं होतं का? हवेच्या गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात घालून पाहा. हाड हाताला टेकलं तर गादीत हवा कमी आहे. वीज गेली की पंप थांबतो हेही लक्षात ठेवा. आणि जखम दिसल्यावर दोन दिवसांत ड्रेसिंग आणि वेदनेचं औषध बदललं का? हे सगळं केलं असेल तर संस्था बदलू नका. काहीच केलं नसेल तर वहीच्या पानांचे फोटो काढून आधी संस्थेच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : घरी मृत्यू झाला तर दाखल्याचं काय? – एक वाचक, राजापूर

उत्तर : हे आजच संस्थेला विचारा : तुमचे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात का, आणि रात्री गेला तर किती वाजता येतात? घरी झालेल्या मृत्यूसाठी ते नमुना ४-अ मध्ये देतात आणि कायद्यानं त्याचे पैसे घेता येत नाहीत. ते घेऊन २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. रुग्णाचं आधार कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घालून ठेवा, ऐनवेळी शोधायला माणूस नसतो. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून संस्थेला परत करा आणि पोच घ्या.