डेव्हलपर वाळल्यावरची दहा मिनिटं

मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. संध्याकाळी एकदा आणि रात्री झोप येईना म्हणून परत. गेल्या पावसाळ्यापासून तुला एकही क्रॅक सापडलेला नाही. ओतकामाच्या व्हॉल्व्ह बॉडी डाय पेनेट्रंट तपासणीला, म्हणजे आपल्या डीपीला, येतात. तू भेगांत शिरणाऱ्या पेनेट्रंटनं लाल करतेस, पुसतेस, तो रंग बाहेर ओढणाऱ्या डेव्हलपरनं पांढरं करतेस, बघतेस, 'ओके' लिहितेस. "सर, मी नसते तरी काय फरक पडला असता?" त्याच्याखाली तक्रार, की सुपरवायझर म्हणतो डेव्हलपर मारला की दोन मिनिटांत काय ते दिसतं, बाकीचा वेळ तू नुसती बसून काढतेस. त्याच्याखाली गल्फमधल्या प्लांटच्या शटडाऊनच्या कामाची ऑफर, आणि शेवटी फेज्ड अ‍ॅरेच्या, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या अल्ट्रासॉनिक तपासणीच्या, कोर्सची फी. सगळं एका दमात, पूर्णविरामसुद्धा न देता.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही. ते तुलाही माहीत आहे. मला बोलायचंय ते त्या दहा मिनिटांबद्दल.

सुपरवायझर खोटं बोलत नाही, आणि पंचाईत तीच आहे. ओतकामात पडलेली मोठी भेग डेव्हलपर बसता बसताच लाल होते. ती ऑफिसातल्या शिपायालाही दिसेल, तिच्यासाठी तुझी गरज नाही. तुझी गरज आहे ती बारीक, घट्ट मिटलेल्या भेगेसाठी. तिच्यात शिरलेलं पेनेट्रंट जेमतेम, बाहेर यायची वाट अरुंद. पावसाळ्यात चुना दिलेल्या भिंतीवर ओल कशी उमटते? सकाळी काही नसतं, दुपारी नुसती शंका येते, संध्याकाळी डाग दिसतो. म्हणून एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडमध्ये, सेक्शन फाइव्हमध्ये, निकाल द्यायची वेळ दहा ते साठ मिनिटांच्या मध्ये बांधून दिली आहे. आणि नीट वाच, ओल्या डेव्हलपरची ती दहा मिनिटं मोजायची थर वाळल्यापासून, कॅन खाली ठेवल्यापासून नव्हे. साठच्या पुढे गेलीस तर डाग पसरतो आणि भेग केवढी होती ते कळत नाही. दहाच्या आत उठलीस तर तू डीपी केलीच नाहीस. रंगकाम केलंस.

बसून काढतेस म्हणे! थर बसत असल्यापासून बघायला लागायचं. कुठून आधी लाली आली, रेघ आहे की ठिपका, ठिपक्यांची रांग होतेय का, रांग जाड भागाच्या नि पातळ भागाच्या सांध्यावर आहे का. तिसऱ्या मिनिटाला जे पाहिलं ते आठव्या मिनिटाला केवढं वाढलं, यावरून आत किती माल साठलाय याचा अंदाज येतो. हे बघायला डोळे लागतात, चांगला प्रकाश लागतो आणि बूड टेकून बसावं लागतं. स्टूल माग. देत नसतील तर घरून ने.

आणि ती दहा मिनिटं यायच्या आधीच लोक काम बिघडवून ठेवतात, ते वेगळंच. ओतकाम घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यानं शंका आली म्हणून ग्राइंडर फिरवला, की स्टेनलेस स्टीलचा मऊ पृष्ठभाग भेगेच्या तोंडावर सारवला जातो. मग तू लाल रंगात दिवसभर बुडवून ठेवलास तरी आत काही जायचं नाही. शॉट ब्लास्टिंगचंही तेच. दुसरा घोटाळा पुसताना होतो. सॉल्व्हंटचा फवारा थेट जॉबवर मारतात, झटपट स्वच्छ दिसतो म्हणून. तो भेगेतलंही धुऊन काढतो. सॉल्व्हंट कापडावर घ्यायचं, कापडानं पुसायचं. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात पडलेला जॉब उचलून लगेच टेबलावर घेऊ नकोस. ५२ अंशांच्या वर गेलेल्या धातूवर पेनेट्रंट शिरायच्या आधी वाळतं. हात लावून बघ, चटका बसला की सावलीत ठेव आणि चहाला जा. हे सगळं तुला शिकवलंय, माहीत आहे. तरीही लिहितोय, कारण महिनोन् महिने काही सापडत नाही म्हटल्यावर पहिली शंका स्वतःच्या डोळ्यांवर घ्यायची नसते, प्रोसेसवर घ्यायची असते.

स्क्रॅपमधून भेग असलेला एक जुना तुकडा मिळव, ज्यातली भेग कुठे आहे ते तुला पक्कं ठाऊक आहे. शिफ्टच्या सुरुवातीला त्याच्यावर त्याच कॅननं, त्याच कापडानं डीपी कर. भेग पूर्वीसारखी उमटली तर कॅन, प्रकाश आणि तू तिघंही कामावर आहात. नंतर तो तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये भरपूर वेळ बुडवून ठेव, नाहीतर जुना रंग आत वाळून बसतो आणि काही दिवसांनी तुकडाच मुका होतो. त्याहून चांगलं म्हणजे शिफ्टमधल्या कुणाला तरी सांग, की न कळवता तो लॉटमध्ये मिसळ. सापडला तर जीव हलका होईल. नाही सापडला तर त्या दिवशीचा अख्खा लॉट परत.

आता तुझा खरा प्रश्न. तू नसतीस तर काय फरक पडला असता?

६ जुलै १९९६ ला अमेरिकेत पेन्साकोला विमानतळावर डेल्टाचं एमडी-८८ विमान धावपट्टीवर वेग घेत होतं. डाव्या इंजिनाचा पुढचा फॅन हब, म्हणजे पंख्याची पाती धरणारा मधला भाग, फुटला, तुकडे केबिनमध्ये घुसले, दोन प्रवासी गेले. हबमधल्या एका भोकात भेग होती. ते भोक पाडतानाच धातू बिघडला होता. आदल्याच वर्षी या हबची फ्लुरोसंट पेनेट्रंटनं तपासणी झाली होती. म्हणजे तुझीच पद्धत, फक्त अंधारात नि अतिनील दिव्याखाली. भेग तेव्हाही दिसण्याएवढी होती, असं चौकशीत निघालं. आणि ती का सुटली असावी याच्या कारणांत एक कारण असंही दिलं, की त्या जातीच्या हबमध्ये भेग सापडेल अशी अपेक्षाच फारशी नव्हती. त्याच्या सात वर्षं आधी, १९८९ मध्ये, सू सिटीला डीसी-१० पडलं, शंभराहून जास्त माणसं गेली. तिथेही फॅन डिस्कमधली भेग पेनेट्रंट तपासणीत निसटली होती.

त्या हबसमोर बसलेला माणूस आळशी असेल असं मला वाटत नाही. तो तुझ्यासारखाच असणार. महिनोन् महिने काही न सापडलेला, सापडणार नाही याची मनातून खात्री झालेला. 'काय फरक पडतो' हा प्रश्न तुला पडला ना, तो त्यालाही पडला असेल, फक्त त्यानं कुणाला मेसेज केला नाही. सापडणं तुझ्या हातात नाही. ओतारी चांगला असेल, साच्याला जास्तीचा धातू पुरवणारा राइझर योग्य जागी असेल तर सापडणारच नाही, आणि न सापडो! तुझ्या हातात काय आहे? दहा मिनिटं. क्रॅक मोजू नकोस, मिनिटं मोज.

मला लोक अडेलतट्टू म्हणायचे, तुझ्याही कानावर आलं असेल. आलंच असेल, तर माझ्याकडूनही ऐक. एका कारखान्यात, नाव कशाला, महिनाअखेर होती. पंपाच्या इंपेलरचा लॉट गाडीत चढायचा होता. मॅनेजर माझ्या टेबलापाशी घड्याळ बघत उभा. मी डेव्हलपर वाळू दिला आणि प्रत्येक बॅचला दहा मिनिटं घेतली. तो म्हणाला, कागदावर दहा लिही आणि सोड. मी म्हणालो, मग कागदावर तुम्हीच सही करा. गाडी रात्री निघायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. पुढच्या महिन्यात मी स्टोअरमध्ये, गास्केटं मोजत.

आता तुला वाटेल त्या लॉटमध्ये नवव्या मिनिटाला भेग सापडली असणार. नाही. काहीही सापडलं नाही. लॉट चोख होता. मॅनेजरनं ते चार लोकांत बोलूनही दाखवलं, हसूनही दाखवलं. घरी बायको म्हणाली, एवढं ताणायचं काय होतं? नुकतंच घराचं कर्ज घेतलं होतं, तिचं काही खोटं नव्हतं. पण लॉट चोख आहे हे त्या रात्री आम्हाला कशावरून कळलं? त्या दहा मिनिटांवरूनच ना? मॅनेजरला ते दुसऱ्या दिवशी माहीत होतं, कारण मी आदल्या रात्री बसलो होतो. मी आजही त्या दिवसासारखाच बसेन. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि आपल्या धंद्यात भिडेखातर केलेली सही पुढे कुठल्या बॉयलरच्या लाइनवर जाऊन बसेल याचा पत्ता लागत नाही.

पुरे. माझी बाजू मांडायला तू सांगितलं नव्हतंस.

गल्फचं म्हणशील तर जायचं असेल तर जा. शटडाऊनमध्ये पैसा आहे, शिकायला मिळतं, आईवडिलांना हातभार लागेल. पण घाईला कंटाळून जात असशील तर जाऊ नकोस. शटडाऊनमध्ये प्लांट बंद असतो आणि प्रत्येक तासाचा हिशेब वर कुणीतरी मागत असतो. इथला सुपरवायझर दोन मिनिटं म्हणतो, तिथे तेवढीही कुणी देणार नाही. तिथे दहा मिनिटं मागायची ताकद इथेच कमवावी लागेल.

फेज्ड अ‍ॅरेचं मात्र मला हसू आलं, रागावू नकोस. यूटीला, म्हणजे अल्ट्रासॉनिकला, पात्रतेच्या लेव्हल वन नि टूसाठी प्रत्येकी चाळीस तासांचं प्रशिक्षण, डीपीला लेव्हल वनचे चार नि लेव्हल टूचे आठ, म्हणून डीपी हलकी असं तुमच्या बॅचला वाटतं. आरटीची, म्हणजे रेडिओग्राफीची, पोरं छातीला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावून फिरतात, त्यांचा रुबाब वेगळा. अगं, पृष्ठभागावर उघडलेली, बीमला आडवी गेलेली घट्ट भेग फिल्मवर कित्येकदा उमटतही नाही, तिथे तुझा लाल रंगच कामाला येतो. कोर्स कर, जरूर कर, पण डीपीतून सुटका म्हणून नको. स्क्रीनवर रंगीत चित्र आलं म्हणून बघायला लागणारा वेळ कमी होत नाही. तिथेही प्रोब ओढायचा वेग ठरलेला असतो, आणि तिथेही कुणीतरी मागे उभा राहून "आटप" म्हणतो.

त्या फीआधी एक कर. लेव्हल थ्रीची तयारी सुरू कर. माझी ती राहून गेली याची खंत आहे. परीक्षा इंग्रजीत, घरात दोन पोरं, शिफ्ट, कारणं पुष्कळ होती. पण लेव्हल टू कितीही हट्टी असला तरी दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोसिजरमध्ये काम करतो. वेळ, प्रकाश, पुसायची रीत हे लेव्हल थ्री लिहितो आणि मंजूर करतो. मी उभी हयात दहा मिनिटांसाठी भांडलो, कारण ती लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तू लिहू शकशील. 'थर पूर्ण वाळल्यावर किमान दहा मिनिटं, वाळल्याची वेळ रिपोर्टमध्ये नोंदवावी', एवढं एक वाक्य तुझ्या सहीनं प्रोसिजरमध्ये गेलं, की सुपरवायझरला तुझ्याशी नाही, कागदाशी भांडावं लागेल. कस्टमरचा ऑडिटर तो कागद वाचतो. तुझं तोंड बघत नाही.

तोवर रिपोर्टमध्ये वेळ तू स्वतःच लिहायला लाग. डेव्हलपर वाळला ती वेळ, निकाल दिला ती वेळ. रकाना नसेल तर शेऱ्यात लिही. पहिले काही दिवस हसतील.

लेव्हल थ्रीच्या बेसिक पेपरला ओतकाम, फोर्जिंग, वेल्डिंग सगळंच येतं, त्यात ओतकाम तुला फाउंड्रीत फिरूनच कळेल. मोल्डिंगवाल्यांशी जरा गोड बोल, राइझर कुठे नि का ठेवला ते विचार. पुस्तकं माझ्याकडे आहेत, त्यासाठी पैसे घालू नकोस. पुढच्या आठवड्यात भाचा पुण्याहून कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो, शिरोलीच्या फाट्यावर येऊन घे. पहिल्या काही प्रकरणांतले प्रश्न मी पेन्सिलीनं सोडवलेले आहेत. ते आधी खोडरबरानं खोड, मग बस.

तुझा,
सर