कळलावीच्या मागचे कुंपण काळे कसे करावे?

प्रश्न : श्रावणात आमच्या शेताच्या कुंपणावर कळलावी फुलते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकटेच फूल उजळून निघाले आहे, असे तिचे छायाचित्र मला काढायचे आहे. मी कॅमेऱ्यावरच फ्लॅश बसवते आणि अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर एफ/५.६, आयएसओ २०० ठेवते. शटर १/१०० च्या आसपास येतो. मागचे कुंपण मात्र हिरवेच दिसते आणि फूल चपटे, जळल्यासारखे येते. फ्लॅशची शक्ती वाढवावी का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : शक्ती वाढवू नये. फ्लॅश फक्त फुलाला उजळतो. पार्श्वभूमी काळी करण्याचे काम शटर, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) आणि आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) यांचे आहे, आणि आपल्या बाबतीत नेमके तेच कॅमेऱ्याच्या हाती राहिले आहे. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर कॅमेरा दिवसाचा उजेड मोजून त्याला साजेसा शटर निवडतो. म्हणजे कुंपण व्यवस्थित दिसावे अशीच त्याची खटपट चाललेली असते आणि आपला फ्लॅश त्या पुरेशा उजेडावर आणखी थोडा उजेड ओतत असतो.

कॅमेरा मॅन्युअलवर घ्यावा. शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/११, आयएसओ १०० असे ठेवून, फ्लॅश बंद करून एक छायाचित्र काढावे. आपल्या सध्याच्या मापांच्या तुलनेत हा उजेड चार स्टॉपने (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे सोळाव्या हिश्शावर, उतरतो. पडद्यावर जवळजवळ काळोख दिसला पाहिजे. अजूनही पाने ओळखू येत असतील तर एफ/१६ करावे. त्यापुढे जाऊ नये, कारण छिद्र फार बारीक केले की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) केसरांची धार बोथट होते. शटरचा वेगही वाढवू नये, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशशी जुळणारा सर्वाधिक वेग १/२०० ते १/२५० एवढाच असतो आणि तो ओलांडला की चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंकने (जास्त वेगाच्या शटरशी फ्लॅश जुळवणाऱ्या सोयीने) पट्टा टळतो, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते.

हा काळोख मिळाला की मगच फ्लॅश सुरू करावा, तोही कॅमेऱ्यावरून उतरवून. येथे अंतराचे गणित आपल्या बाजूने असते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. फ्लॅश फुलापासून ३० सेंटिमीटरवर आणि कुंपणाचा हिरवा पसारा फ्लॅशपासून ३ मीटरवर असेल, तर पसाऱ्यावर फुलाच्या मानाने शंभरावा हिस्सा उजेड पडतो. तोच पसारा ६० सेंटिमीटरवर असेल तर चौथा हिस्सा पडतो, आणि मग कितीही मापे बदलली तरी पाने दिसतच राहतात. म्हणून कुंपणात रुतलेले फूल सोडून द्यावे आणि वेलीच्या टोकाला मोकळ्यावर लोंबणारे निवडावे. पहिल्या पावसाळ्यात मी सगळ्यात सुंदर फुलामागे तासभर घालवला होता आणि हाती हिरवा गोंधळ आला होता. जागा बरी असलेले साधे फूल त्याहून कितीतरी उपयोगी पडते.

डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) नसेल तर दोन पदरी बटर पेपर चालतो. फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ शक्तीने सुरू करून चित्र पाहत कमीजास्त करावा. शक्ती कमी असली की चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळ टिकते, त्यामुळे वाऱ्यावर हलणारी वेलही स्थिर उमटते. कळलावीचे फूल मान खाली घालून लोंबते, पाकळ्या उलट वर वळतात आणि सहाही पुंकेसर खाली आडवे पसरतात. उजेड वरून टाकला तर हेच पुंकेसर सावलीत जातात. फ्लॅश बाजूला, फुलाच्या पातळीवर किंवा किंचित खाली धरावा. जळल्यासारखे दिसण्याचे कारण बहुधा लाल रंग आहे. एकूण हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातील उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही लाल वाहिनी उजव्या कडेला आपटते आणि पाकळीच्या नागमोडी कडेतील चढउतार पुसले जातात, म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहावा. (वेल विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवावेत.)

एक मर्यादा मात्र राहते. भर उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ हे जवळजवळ योग्य एक्स्पोजरच ठरते, तेव्हा काळोख मिळत नाही. फुलामागचा भाग सावलीत येईल असा कोन शोधावा, नाहीतर आभाळ भरून येण्याची वाट पाहावी. श्रावणात ती फार पाहावी लागत नाही.

प्रश्न : बाल्कनीतील ब्रह्मकमळाचे रात्री फ्लॅशने छायाचित्र घेतले, तर मागची भिंत उजळते आणि फूल पांढरा गोळा होऊन बसते. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून फुलणारे हे झाड मूळ मेक्सिकोकडचे निवडुंग आहे, आणि ते कुंडीत असते ही आपली मोठी सोय आहे. कुंडी भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे ओढावी, किंवा कठड्याबाहेरचा अंधार मागे येईल अशी फिरवावी. तेवढी जागा नसेल तर मागे काळी मखमल टांगावी. सॅटिनसारखे चकाकणारे कापड नको, त्याच्या चुण्या उजळून दिसतात.

फूल पांढरा गोळा होते ते टीटीएल मोजणीमुळे, म्हणजे कॅमेरा भिंगातून आलेला उजेड मोजून फ्लॅशची शक्ती स्वतःच ठरवतो त्यामुळे. चौकटीत काळोख जास्त असला की कॅमेऱ्याला सगळेच दृश्य अंधारे वाटते आणि तो फ्लॅश वाढवतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली फ्लॅशची शक्ती कमीजास्त करण्याची सोय) उणे एक ते दीड स्टॉप करावे, किंवा फ्लॅश मॅन्युअलवर घ्यावा. दुसरा फ्लॅश मिळाला तर १/६४ शक्तीने फुलाच्या मागून, काळ्या कागदाची नळी लावून टाकून पाहावा. ओल्या मलमलीसारख्या पातळ पाकळ्यांच्या शिरा त्यानेच दिसतात. झोत थेट भिंगावर येऊ देऊ नये. फोकससाठी विजेरी हाताशी ठेवावी, आणि फूल पूर्ण उमलण्याआधीच सगळी मांडणी करून एखाद्या कळीवर तपासून घ्यावी, कारण सकाळपर्यंत ते मिटून मान टाकते.