चौथ्या दिवशीच्या 'नॉर्मल' रिपोर्टविषयी

आपला भाचा नवले पुलाजवळ दुचाकीवरून पडला, त्याचा हात खांद्यापासून लुळा आहे, चौथ्या दिवशीची नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते पाहणारी) 'नॉर्मल' आली आणि आता एमआरआय करावा की सोनोग्राफीवर भागेल, हा आपला प्रश्न वाचताना माझीच जुनी फाइल कोणी वाचून दाखवत आहे असे वाटले. मी डॉक्टर नाही, याच दुखण्यातून गेलेला रुग्ण आहे. तेवढ्याच भरवशाने हे वाचावे.

माझीही तपासणी चौथ्याच दिवशी झाली. एका मोठ्या रुग्णालयाने (नाव घेत नाही) त्या कागदाच्या आधारे 'नस शाबूत आहे, व्यायाम करा' असे सांगितले आणि आम्ही साडेचार महिने व्यायामच करत राहिलो. नस तुटली तरी तुटलेल्या जागेच्या खालचा तुकडा काही दिवस विजेचा संदेश वाहून नेतो. स्नायूंचे संदेश साधारण आठवड्याभरात जातात, संवेदनेचे दहा-अकरा दिवस टिकू शकतात, आणि सुईच्या ईएमजीत (स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे संदेश पाहणाऱ्या तपासणीत) नस तुटल्याच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, हे आम्हाला तेथे कोणीही सांगितले नाही. नसेची शस्त्रक्रिया लागलीच, तर ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावी असे मानतात. त्यातले साडेचार महिने मी एका चुकीच्या वेळच्या कागदावर घालवले, याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या तपासणीत अंगठा पूर्ण बधिर असूनही त्याचा संवेदनेचा संदेश 'नॉर्मल' आला. मी खूश झालो. नवे डॉक्टर मात्र खूश झाले नाहीत. संवेदनेच्या पेशींचा पुंजका मज्जारज्जूच्या बाहेर असतो, त्यामुळे नसेचे मूळ मज्जारज्जूतूनच उपटले गेले तर पुंजक्यापुढचा तंतू जिवंत राहतो, पण त्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. तसे उपटलेले मूळ आपोआप जुळून येत नाही.

म्हणून माझ्या मते तीन-चार आठवड्यांनी सुईसह ईएमजी पुन्हा करावी, आणि एमआरआय केवळ मानेचा न करता ब्रेकियल प्लेक्ससचा (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचा) मागावा. सोनोग्राफी स्वस्त आहे, गळपट्टीच्या हाडाजवळच्या नसा ती दाखवते, पण मणक्याच्या आतली मुळे दाखवत नाही. ती एमआरआयची जागा घेईल असे मला वाटत नाही. मुळांबाबत शंका उरलीच, तर सीटी मायलोग्राफीविषयी (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडून काढलेल्या सीटी स्कॅनविषयी) विचारावे. मात्र हाताच्या नसांच्या शल्यविशारदाची वेळ आजच घ्यावी, रिपोर्टसाठी थांबू नये.

ईएमजीला जाताना हाताला तेल लावू नये, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधीच सांगावे.