सुपारी सुटली, तरी तोंड का उघडत नाही?

इंदूरच्या तुमच्या भाच्याला सुपारी सोडून सहा महिने झाले, तरी सराफ्यातली पाणीपुरी तोंडात मावत नाही, तिखट लौंग सेवेनं आग होते. तोंडातल्या पेशी तर सारख्या नव्या येतात, मग ऊती सुधारत का नाही, असं तुम्ही विचारलंय.

नव्या येतात त्या वरच्या अस्तराच्या. दुखणं त्याखाली आहे.

सुपारी चुन्यासोबत चघळली की ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. अशी मोडतोड पेशी रोजच सांधते. पण मार दिवसभर चालू राहिला तर दुरुस्ती मागे पडते. मग पी५३ हे प्रथिन विभाजन थांबवतं. त्यातूनही निभावलं नाही, तर पेशी स्वतःला संपवते (हे त्यातल्या त्यात बरं), म्हातारी होऊन तिथेच ठाण मांडते किंवा चूक तशीच घेऊन विभागते.

ठाण मांडणारी पेशी ऊतीला फार छळते. ना विभागते, ना मरते; सूज वाढवणारी रसायनं मात्र सोडत राहते. त्यात सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन अस्तराखालच्या फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन, म्हणजे ऊतीला बांधून ठेवणारे प्रथिनाचे धागे, बनवायला लावतं. शिवाय सुपारीत तांबं भरपूर, आणि लायसिल ऑक्सिडेज या विकराला तेच लागतं. हे विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना टाचून टाकतं. टाचलेलं कोलॅजन शरीराला सहजी मोडता येत नाही, म्हणून सुपारी थांबली तरी त्याचे गालातले ताठ पट्टे राहतात आणि तोंड उघडू देत नाहीत. रक्तपुरवठा घटतो, अस्तर पातळ होतं. तिखट झोंबतं ते त्यामुळे.

तळच्या मूळपेशीतच चूक राहिली तर नवं अस्तरही तीच चूक घेऊन येतं. कर्करोगाची वाट ती. तंबाखूशिवायची सुपारीही २००४ साली कर्करोगकारक ठरली आहे, तेव्हा 'नुसता पानमसालाच होता' यात दिलासा नाही. मध्य प्रदेशात २०१२ला गुटखाबंदी आली, पण पानमसाला आणि तंबाखू अशा पुड्या दोन झाल्या, एवढंच.

आता मोजमाप. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जायला हवीत. दर रविवारी वरच्या-खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. ३५च्या खाली असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायचा व्यायाम तिथेच शिकून घ्या; जोर लावून ताणलं तर अस्तर फाटतं आणि भरताना पडणारा नवा वण आणखी आवळतो. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर रविवारची वाट पाहू नका, तिथला छोटा तुकडा काढून तपासायला डॉक्टरांना सांगा.