क्रांतिक बिंदूजवळचे प्रचंड चढउतार टकरीत का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न: क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळल्यावरचा तप्त द्रव) क्रांतिक बिंदूजवळून (जिथे झटक्याचा बदल संपून सलग बदल सुरू होतो) जाताना सहसंबंध लांबी (किती अंतरापर्यंतचे चढउतार एकमेकांशी जुळलेले असतात ती) अनंत व्हायला हवी, मग जड आयनांच्या टकरीत ती तशी का होत नाही?

वेळच नसतो हो! टकरीतून झालेला प्लाझ्माचा तप्त गोळा साधारण प्रकाशाला १० फेम्टोमीटर कापायला लागतो तेवढाच टिकतो. आणि लांबी वाढायला लागणारा वेळ तिच्या जवळपास घनाच्या प्रमाणात जातो. लांबी दुप्पट, तर वेळ आठपट. पुण्यात गणपती विसर्जनाला अलका चौकातली बातमी बेलबाग चौकात पोचेपर्यंत मिरवणूकच संपावी, तसं. बेर्डनिकोव्ह आणि राजगोपाल या भौतिकशास्त्रज्ञांनी २००० साली हिशेब मांडला: लांबी फार तर २-३ फेम्टोमीटर.

पण चढउतारांचा चौथा क्युम्युलंट (चढउतारांच्या वितरणाचा आकार सांगणारं एक माप) लांबीच्या सातव्या घाताने वाढतो. समतोलात लांबी दुप्पट झाली तरी १२८ पट! त्यामुळेच अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या प्रयोगात निव्वळ प्रोटॉनांचा (प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन) चौथा क्युम्युलंट इतक्या चिकाटीने मोजत आले आहेत. अर्थात तोही समतोलाच्या मागे रेंगाळतो, म्हणून नुसतं समतोलाचं सूत्र लावून निष्कर्ष काढणं मला धाडसाचं वाटतं.

एलएचसीत (सर्नच्या महाकाय कणत्वरकात) मात्र हा क्रांतिक बिंदू शोधू नका. तिथे बॅरिऑन घनता (प्रतिकण वजा जाता उरणाऱ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची घनता) जवळपास शून्य, आणि १५५ एमईव्ही (ऊर्जेच्या एककात सांगितलेलं) तापमानाच्या आसपास प्लाझ्मातून साध्या कणांत होणारा बदल सावकाश, सलग होतो.