आयर्लंडातलं पुरलेलं सोनं आणि त्याचे राखणदार

प्रश्न : आमच्या वाडीत जुन्या आंब्याखाली मोहरांचा हंडा आहे नि त्यावर नाग बसलाय असं लहानपणापासून ऐकत आलोय. माझी भाची आयर्लंडला नर्स आहे, ती म्हणते मामा, इकडेपण अशाच गोष्टी सांगतात. खरं का? कोणाला कधी काय मिळालं का? आणि आमच्याकडे काहीजण आता मांत्रिक आणून खणायचं म्हणतायत, त्यांना काय सांगू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : भाची अगदी बरोबर सांगतेय. तिकडे शेतांमधे मातीचा गोल बांध घातलेल्या जागा असतात, हजारेक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती घरं, पण लोक त्यांना परींचे किल्ले म्हणतात, आणि ह्या परी काही गोड नसतात, आपल्या कोकणातल्या देवचारासारखं, म्हणजे गावाच्या राखणदार भुतासारखं, त्यांना दुखवायचं नाही, म्हणून तिथलं झाडसुद्धा कोणी तोडत नाही. सोनं पुरलं डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, असं सांगतात. पुरताना विचारायचे, राखण कोण करणार? जो हो म्हणाला त्यालाच मारून वर पुरायचं, मग तो कुठे काळं मांजर तर कुठे बैल होऊन बसतो. लागोपाठ तीन रात्री तेच स्वप्न पडलं की जागा खरी. खणायला गेलं की अचानक आपलं घर पेटलेलं दिसतं, माणूस धावत जातो तर घर जसंच्या तसं!

1937 ते 39 मधे तिथल्या शाळांतल्या जवळजवळ 50 हजार मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून अशा गोष्टी वह्यांत उतरवल्या, पुरलेलं धन हा विषयच दिला होता त्यांना. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात जपल्यात, ऑनलाइन वाचता येतात. आपल्याकडे हे व्हायलाच हवं होतं असं मला फार वाटतं.

मिळालं का? हो, पण बटाटे काढताना. 1868 मधे लिमरिक भागात आर्डागजवळ अशाच एका गोल बांधात दोन पोरांना आठव्या शतकातला चांदीचा अप्रतिम चषक सापडला, सोबत एक छोटा पेला आणि चार ब्रूच, म्हणजे कपड्याला लावायच्या नक्षीदार पिना. त्याआधी 1854 मधे तिथल्याच क्लेअर भागात रेल्वेच्या मजुरांना सोन्याचे दीडशेच्या वर दागिने मिळाले आणि त्यातले बहुतेक वितळवले गेले, वाचूनच जीव हळहळतो.

मांत्रिकाला मात्र वाडीत पाऊल ठेवू देऊ नका. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सरळ पोलिसांना कळवा. आणि उद्या बाग खणताना खरंच काही लागलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टर ऑफिसला लेखी कळवायचं, वस्तू घासायची-पुसायची नाही, सोनाराकडे तर अजिबात न्यायची नाही.