देव झोपला, मग टाळ कशाला?

चिऊ,

आषाढी एकादशीला आजीशी व्हिडिओवर बोलताना मागे टाळांचा आवाज ऐकून तू विचारलंस, "आजी म्हणते आजपासून देव चार महिने झोपणार. मग ही माणसं रात्रभर एवढा गोंधळ का घालतात?" मला हसू फुटलं आणि उत्तर राहून गेलं.

'गोंधळ' हा शब्द तुला बरा सापडला! देवीपुढे संबळ वाजवत रात्रभर घालतात तो खराखुरा गोंधळ. आजीच्या देवळात चालला होता तो हरिजागर. एकादशीचा दिवसभर उपास, रात्रभर भजन आणि द्वादशीला सकाळी पारणं.

झोप येत नाही का? येते की! अकरापर्यंत देऊळ भरलेलं असतं. एकनंतर उरतात ते खरे भजनी. टाळ वाजवता वाजवता कुणी पेंगलं की शेजारचा कोपराने ढोसतो. मग बुवा संथ अभंग सोडून गौळण नाहीतर भारूड घेतात आणि सगळे ताठ बसतात. लाऊडस्पीकर नियमाने दहाला बंद होतो, टाळांना मात्र माइक लागत नाही.

वीणा कधी जमिनीवर टेकवत नाहीत. एकजण दमला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. ऐंशीचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडताना मी पाहिलेत. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं.

माझ्याकडे काम होतं कणकेचं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. मध्यरात्रीनंतर ती सुकायला लागते, आवाज कोरडा येतो. पखवाजवाले काका नुसता हात पुढे करायचे आणि मी ओल्या फडक्यातला गोळा द्यायचो. निम्मा गोळा तोवर माझ्या हातून हत्ती-घोडे होऊन संपलेला असायचा.

आता देवाच्या झोपेचं. पंढरपुरात वारीच्या दिवसांत देव झोपतच नाही. दर्शन चोवीस तास चालू, म्हणून त्याचा पलंग काढून ठेवतात आणि उभ्या विठोबाच्या पाठीशी लोड लावतात. वारी सरली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने अंघोळ, पायांना लिंबू-साखर आणि रात्री चक्क काढा! मग पलंग परत जागेवर. म्हणजे तो उभा आहे तोवर आपण तरी कसं आडवं व्हायचं, असा आमच्या गावच्या भजन्यांचा हिशोब. पंचांगातला देव झोपलेला आणि पंढरपुरातला जागा, हे आजीला एकाच वेळी पटतं. तिच्याशी वाद घालू नकोस, हरशील.

चार महिन्यांनी कार्तिकीला देव उठतो. रजा मिळाली तर तेव्हा गावी जाऊ. कणकेचा गोळा तुझ्याकडे. ओल्या फडक्यात ठेवायचा, हत्ती करायचे नाहीत.

तुझा,
बाबा